चौदा सेकंद

"तुटला?"

"तुटला. चौदा."

"खोटं. वीस तरी असतील."

"वन्सं, घड्याळ तुमच्या वडिलांचं आहे. ते माझी बाजू कशाला घेईल?"

नणंदबाई धापा टाकत स्टुलावर बसल्या. तीस वर्षं त्या रेकॉर्डिंगला कोरस गायल्या. गाणारीचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली 'आणि साथी'. त्या 'साथी'मध्ये आमच्या वन्सं. फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर सगळं सुटलं होतं. आता एका नाटकातून बोलावणं आलं होतं. शेवटी राणी राज्य सोडून चालू लागते. ती दिसेनाशी होईपर्यंत, चांगलं मिनिटभर, कोरसने एकच सूर धरायचा. श्वास आळीपाळीने, प्रत्येकाने एकदाच. म्हणजे अर्धं मिनिट तरी दम टिकायला हवा.

"अकरा जणांत एक गप्प झालं तर कुणाला कळणार आहे?"

"गाण्यातला कोरस मागे असतो गं. नाटकातला समोर. तिथे आम्ही म्हणजे अख्खं गाव. तोंड मिटलेलं दिसतं."

"मग दिग्दर्शकाला ऑपरेशनचं सांगून टाका."

"सांगते ना! फुलं पाठवेल आणि दुसरी बाई घेईल."

तालमी झाल्या. दुपारच्या प्रयोगाला मी तिसऱ्या रांगेत बसले. कामगिरी ठरलेली होती: वन्संमुळे सूर तुटतो का, ते ऐकायचं. तुटला, तर त्या स्वतःहून नाटक सोडणार होत्या.

अकरा जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सूर लागला. राणी चालू लागली. मी मनात मोजत होते. बारा, तेरा, चौदा. गाताना वन्संच्या गळ्याची एक शीर फुगते. ती सपाट झाली. तोंड उघडं, आवाज नाही.

सूर मात्र तसाच.

मग मला खांदे दिसले. एकाचा वर जाई, खाली येई. मग चौथ्या बाईचा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आणि वन्सं गप्प झाल्या, की त्यांच्या शेजारचा जाडा गवई लालबुंद होईपर्यंत ताणून धरी. पलीकडची बाईही. वन्सं सुरात परत आल्या, की मगच आसपासचं कुणी एक श्वास घेई. तीनदा असं झालं. मी मोजायचं विसरले. राणी कधी गेली, ते मी पाहिलंच नाही.

रंगपटात वन्संनी माझा हात धरला. "तुटला?"

"नाही."

"अगं, मी तीनदा गप्प होते."

जाडा गवई खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, उद्या जरा निवांत श्वास घ्या. तुम्ही घाई करता, मग माझी धांदल उडते."

"तुम्हाला ठाऊक होतं? कधीपासून?"

"पहिल्या तालमीपासून."

"आणि बाकीच्यांना?"

"गावात काय लपतं, ताई?"

वन्सं आरशाकडे वळल्या. तोंडावरचा रंग पुसायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

सकाळी मी नेहमीसारखी घड्याळासमोर बसले. "राहू दे आज," त्या म्हणाल्या. मग ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी एक लांब, सावकाश श्वास घेतला. दहा जण सूर धरून उभे असल्यासारखा.