कमरेचा दोर

"सही येते ना? मग इथं करा," म्हणत सुपरवायझरनं कागद आईपुढं सरकवला.

कागद इंग्रजीत होता, म्हणजे आम्हाला कळूच नये अशी सोय. पण मी बारावी झालेय. मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला : मजूर गुरप्पा 'रोप'वर बसून इमारत रंगवायचा, 'लाइफलाइन' रोज बांधायचा, त्या दिवशी हलगर्जीपणानं बांधली नाही, म्हणून पडून मेला.

गुरप्पा म्हणजे माझे आप्पा.

"रुपाली, ह्या दोन्हीत फरक काय गं?" आईनं विचारलं.

"रोप म्हणजे ज्याच्यावर बसून काम करायचं तो. लाइफलाइन म्हणजे तो तुटला तर माणसाला धरणारा. कमरेचा, वेगळ्या खांबाला बांधलेला."

"शेवटी दोरच की दोन्ही," सुपरवायझर हसला. हसला मेला! आप्पांचा तेरावाही झाला नव्हता.

"एक कसं?" आईचा आवाज चढला. "आमच्याकडं हिरीतला गाळ काढाय माणूस सोडला की एक दोर बुडाखाली, एक कमरंला. कमरंचा धराय बायकूचा भाऊच लागतो. बहिनीचं कुक्कू त्येच्या हातात असतंय, त्यो सोडत न्हाय."

"दिली होती ना लाइफलाइन!" त्यानं नायलॉनच्या दोराचं वेटोळं टेबलावर आपटलं.

आईचं माहेर दोर वळणाऱ्यांचं. तिनं वेटोळं सोडलं आणि सगळा दोर बोटांतून सरकवत तपासला.

"रोज बांदत हुतं म्हंता? रोज गाठ पडली की पीळ दबतो. ह्याला एकबी गाठ पडल्याली न्हाय. मेल्याल्या मानसावर ढकलतोस व्हय रं, खोटारड्या?"

सही न करता ती दोर खांद्यावर टाकून निघाली. तो मागून ओरडत राहिला.

शेजारच्या इमारतीवर, आप्पांच्या जागी आता धनाजी लटकत होता. कमरेला काही नाही.

"धनाजी, वर ये!" आई त्या इमारतीच्या गच्चीवर चढून ओरडली. ती हाक ऐकून कोणीही आलं असतं. तिनं त्याच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. दुसरं टोक टाकीच्या खांबाला आवळून तिनं मधला दोर तळहाताला गुंडाळला. धनाजी पुन्हा खाली उतरला.

"आई, बांधलाय की आता. चल ना."

"त्येचा मेव्हणा हितं न्हाय," ती म्हणाली आणि कठड्याला पाय रोवून उन्हात बसली.

जेवणाची सुट्टी होईपर्यंत तिनं दोर सोडला नाही.