डाव्या बरगडीवरची गाठ

“बाई, पोरीच्या बरगडीवर गाठ आली, तर ती कुणाच्या करणीनं येते का?”

तिओंगेनं उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं आणि अख्ख्या वर्गात हशा पिकला. आरोग्य केंद्रातल्या गोंड्वे डॉक्टरबाई दर बुधवारी शाळेत यायच्या. असले प्रश्न चिठ्ठीवर लिहायचे, नाव न घालता डब्यात टाकायचे, हा शिरस्ता. पण मेमोरी आणि एलुबी या दोघी जिवाच्या मैत्रिणींनी तिला सकाळपासून डिवचलं होतं. “चिठ्ठी काय, शेळीसुद्धा टाकेल! हिंमत असेल तर उभी राहून विचार.” आणि नेटबॉलच्या संघात मुख्य गोल मारणारी म्हणून निवड झाल्यापासून कुणी पैज लावली की तिओंगेला मागे हटणं जमतच नव्हतं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. “करणीनं गाठ येत नाही. कशानं येते, ते हात लावून बघितल्याशिवाय मी नाही सांगणार. कुणाला आलीय?”

“एका मैत्रिणीला.”

“बरं. मग दुपारी केंद्रावर ये. मैत्रिणीची आरोग्यपुस्तिका आण, आणि तिला तुझ्याच पायांनी चालत आण.”

वर्ग पुन्हा फुटला. तिओंगेचे कान तापले, पण ओठ मात्र हसत होते. विचारलं एकदाचं!

महिन्यापूर्वी अंघोळ करताना ती हाताला लागली होती. डाव्या बरगडीवर, तेव्हा शेंगदाण्याएवढी. आता अख्ख्या शेंगेएवढी. सोमवारी आईनं पाहिली आणि कपाळाला हात लावला. “निवड झाली आणि नजर लागली! शनिवारी वैदूकडे.” वैदू म्हणजे बरगडीवर ब्लेडनं चिरा पाडणार, त्यात काळी पूड चोळणार. आणि शनिवारीच तर तळ्याकाठच्या शाळेशी सामना! चिरलेल्या कुशीनं हात वर कसा करायचा? त्याहून मोठी एक गोष्ट होती. एलुबीची मावशी अशाच एका गाठीनं गेली होती. तिघींपैकी कुणीही त्या आजाराचं नाव काढत नव्हतं.

दुपारी तिघी केंद्रावर हजर. तिओंगेच्या पाठीला कापडानं बांधलेला धाकटा भाऊ यांको, कारण आई बाजारात मासे विकायला बसली की शाळा सुटल्यावर यांको तिचाच. नंबर लागला तसं तिनं त्याला मेमोरीच्या मांडीवर ठेवलं.

डॉक्टरबाईंनी गाठ बोटांखाली हलवून पाहिली, काखेत चाचपलं, दुसरी बाजूही तपासली.

“दुखतं?”

“दाबलं तर.”

“ताप? खोकला? भूक मेलीय का?”

“छे, बाई! मक्याच्या न्सिमाचे चार गोळे खाते मी.”

“पाच,” मेमोरी म्हणाली. “सहावा माझ्या ताटातला.”

तेवढ्यात यांकोनं भोकाड पसरलं. तिओंगेनं सवयीनं त्याला झटकन पाठीवर घेतलं, कापड काखेखालून ओढलं, टोकं पिळली आणि डाव्या बाजूला करकचून खोचली.

“थांब,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “अगदी हलू नकोस.”

त्यांनी त्या पिळावर बोट ठेवलं. मग पीळ उचलून खाली पाहिलं. बरोबर गाठीवर!

“रोज इथेच खोचतेस?”

“रोज. डावखुरी आहे ना मी. आणि हल्ली... जरा जास्तच घट्ट.”

“ते का?”

तिओंगेनं मान खाली घातली. “गाठ दिसू नये म्हणून. वर पीळ असला की झाकली जाते.”

डॉक्टरबाई आता मात्र खळखळून हसल्या. “अगं वेडे! जिला लपवतेस तिलाच रोज पोसतेयस!” मग हसू आवरून पुस्तिकेत लिहू लागल्या. “दाब पडून पडून कातडीखाली जाडी धरलीय, बहुतेक. बहुतेक म्हणाले मी, नक्की नाही. चार आठवडे तिथे काही बांधायचं नाही. मग परत यायचंच. कमी झाली नाही, वाढली, कडक झाली, तर जिल्ह्याच्या रुग्णालयात यंत्रावर बघू. आणि ब्लेड कुणालाही लावू द्यायचं नाही.”

“नेटबॉल?”

“खेळ की!”

एलुबीनं तिओंगेचा हात असा दाबला की बोटं कळवळली. मग तिघी धावत सुटल्या. यांको मेमोरीच्या कडेवर खिदळत होता.

आई नुकतीच बाजारातून येऊन चुलीवर न्सिमा घोटत होती. बाबा सायकल भिंतीला टेकवून पाय चेपत बसले होते. दिवसभर सायकलवर सवाऱ्या वाहायचा त्यांचा धंदा. तिओंगेनं पंचाच्या कार्डासारखी पुस्तिका उंच धरली आणि एका दमात सगळं सांगितलं.

“आणि वैदूला मी शब्द दिलाय तो?” आईचा पळा हवेतच थांबला.

बाबांनी पुस्तिका घेतली, ओठ हलवत वाचली. “डॉक्टरीणबाईंनी सहीसकट लिहिलंय गं. पण मग पोराला पाठीशी बांधणार कोण?”

तिओंगेनं यांकोला उचललं आणि थेट बाबांच्या मांडीवर ठेवलं.

“मी ठरवलंय. शनिवारी वैदूकडे नाही, मैदानावर जाणार. चार आठवड्यांनी केंद्रावर जाणार, गाठ गेली तरी आणि राहिली तरी. आणि तोवर यांको तुमच्या पाठीला, बाबा! अख्खं सलिमा गाव मागे बसवून फिरवता, हा एक काय जड आहे?”