म्हातारी फार खोकते

बायको गेल्याचं मिस्त्रींना कळलं तेव्हा त्यांच्या तोंडात चार स्क्रू होते. एका शाळेच्या वाचनालयाचं दार बसवायचं काम चाललं होतं. वरची बिजागरी लागली होती, खालची लागायची होती. खिशातला फोन वाजला. त्यांनी दार गुडघ्यानं दाबून धरलं आणि फोन कानाला लावला. पलीकडून बायकोच बोलतेय असं त्यांना वाटलं. मग लक्षात आलं की ही मेहुणी. दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा की लग्नानंतर पहिली दोन वर्षं ते फोनवर हटकून फसायचे, आणि दोघी पोट धरून हसायच्या.

"भाऊजी, ताई गेली," मेहुणी म्हणाली. "आत्ताच. मी जवळच होते. भाऊजी, ऐकताय ना?"

तोंडात स्क्रू असल्यामुळे त्यांना बोलता येईना. त्यांनी नुसतं "हं" केलं.

मग त्यांनी खालची बिजागरी लावली. दार एका बिजागरीवर लोंबतं सोडून जाता येत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर पडतं, हे खरं. पण चारही स्क्रू आवळून, दार दोनदा उघडझाप करून बघून मग ते हॉस्पिटलात गेले, हेही खरं. मेहुणीनं उशीर का झाला ते विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

हे सप्टेंबरात झालं. पण त्याची सुरुवात उन्हाळ्यात, भाच्याच्या सिनेमापासून झाली होती.

भाचा म्हणजे मेहुणीचा मुलगा. वय तीस, आणि डोक्यात सिनेमाचं खूळ. लोकांच्या लग्नांची शूटिंगं करून त्यानं स्वतःचा कॅमेरा घेतला होता आणि आता त्याला नाताळचा सिनेमा काढायचा होता. गोष्ट साधी होती. एक म्हातारी दर नाताळला टेबलाशी एक खुर्ची जास्त मांडते, परगावी गेलेल्या मुलासाठी. या वर्षी मुलगा येतो, एक रात्र राहतो आणि सकाळी पुन्हा जातो. संपलं. नाव ठेवलं 'एक खुर्ची जास्त'. खिसा रिकामा असल्यामुळे म्हातारी म्हणून त्यानं मावशीलाच उभं केलं, आणि खुर्चीपासून खिडकीपर्यंत सगळं लाकूडकाम काकांच्या गळ्यात घातलं.

"काका, बर्फ पण लागेल," तो म्हणाला.

"मी सुतार आहे. आभाळ नाही."

"बघा ना, काहीतरी जमतंय का."

जमवलं. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतला थर्माकोल गोळा करून किसणीवर किसला, त्यात करवतीचा पांढरा भुसा मिसळला. शिडीवर उभं राहून तो मोठ्या चाळणीतून खिडकीबाहेर पाडायचा. मिस्त्रींच्या कारखान्यातच एका कोपऱ्यात म्हातारीची खोली उभी केली होती. मे महिना, आवाज येतो म्हणून पंखे बंद, आत बायको लोकरीची शाल पांघरून घामाघूम, आणि खिडकीबाहेर नवरा बर्फ पाडतोय.

"बत्तीस वर्षांत फिरायला कुठे नेलं नाहीत," ती म्हणाली, "आता बर्फच घरी आणलात होय?" सगळे हसले.

चौथ्या दिवशी ती खोकायला लागली. "तुमच्या बर्फानं माझा घसा धरला बघा," म्हणाली. थोडेफार सगळेच खोकत होते, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही. मिस्त्रींचं सगळं आयुष्य भुशात गेलेलं. भुशानं खोकला येतो आणि काम संपलं की जातो, हे त्यांना पक्कं माहीत. कुणी काळजीनं विचारलं तर तेच सांगायचे, "भुसा आहे हो. काम संपलं की जाईल." औषधाच्या दुकानातून एक बाटली आणली. ती संपली, दुसरी आणली.

खोकला काही थांबेना. अर्धं वाक्य झालं की खोकला, कट, पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी भाच्यानं डोकं चालवलं. खोकला जात नाही ना, मग तो गोष्टीतच घेऊ. म्हातारी आजारी असते. सकाळी मुलगा निघतो तेव्हा दोघांनाही माहीत असतं की पुढच्या नाताळला ही भेट नाही. सिनेमाला एकदम वजन आलं. जो तो भाच्याची पाठ थोपटू लागला. बायको तर सगळ्यांत खूश. "आता पोटभर खोकते. कुणी कट म्हणायचं नाही."

शूटिंग सात आठवडे चाललं. मग ते डॉक्टरकडे गेले. छातीचा फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?"

"बर्फ पाडत होतो," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. बायको मात्र हसली, आणि हसता हसता तिला पुन्हा उबळ आली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी भाच्यानं एका क्लबच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. एका चॅनेलचा माणूस नाताळच्या आठवड्यासाठी छोटे सिनेमे शोधत होता. त्यानं सांगितलं होतं, आधी चार अनोळखी लोकांना दाखवा, त्यांची मतं लिहून घ्या आणि मला आणून द्या, मग बोलू. ओळखीच्यांच्या ओळखीचे असे साठेक लोक जमले. प्रत्येक खुर्चीवर एक कार्ड आणि एक पेन्सिल ठेवली होती.

मिस्त्री आत बसले नाहीत. "मी दारावर थांबतो, कार्डं गोळा करतो," म्हणाले. दार बंद होतं तरी आवाज बाहेर येत होताच. आत खोकला सुरू झाला की ते जिना उतरून खाली जात, पाणी पीत आणि परत वर येत. असं पाच वेळा झालं.

सिनेमा सुटला. लोक बोलत बोलत बाहेर पडू लागले.

"बर्फ बघितलास?" एक तरुण बरोबरच्या मुलीला म्हणत होता. "आमच्या वॉशिंग मशीनबरोबर आला होता, सेम तसला."

"गप रे. मी रडले."

"तू हवामानाच्या बातम्या बघूनही रडतेस."

मागून एक बाई नवऱ्यावर करवादत आल्या. "नाताळचा सिनेमा म्हणालात म्हणून आले. घरात रडगाणी काय कमी आहेत?"

"अगं, पण मुलगा येतो की शेवटी."

"येतो नि जातो! तुमचा भाऊ येतो तसा. जेवण्यापुरता."

त्यांच्यामागून एक टक्कल पडलेले गृहस्थ आले. कार्ड मिस्त्रींच्या हातात देत जुनी ओळख असल्यासारखे म्हणाले, "बाकी ठीक आहे हो. पण म्हातारी फार खोकते. एवढं काय खोकायचं? खोटं वाटतं. नाटकात काम करणाऱ्यांची ही खोड असते, एक गोष्ट सापडली की सोडत नाहीत. तुम्ही बघितलात?"

"नाही."

"बघा. पोरगं चांगलं आहे ते, मुलाचं काम करणारं."

मिस्त्रींच्या कानशिलात कुणी ठेवून दिल्यासारखं झालं. ती नाटकातली नव्हती, ती माझी बायको होती, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. "पेन्सिल राहिली तुमच्या खिशात," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेहुणीच्या स्वयंपाकघरात तिघं कार्डं घेऊन बसली. भाचा मोठ्यानं वाचत होता, मेहुणी चहाचे कप भरत होती.

"'खुर्ची सुंदर आहे. कुठे मिळेल?'"

"भाऊजी, गिऱ्हाईक आलं बघा," मेहुणी म्हणाली.

"'गोड आहे, पण गोड म्हणून खाल्लं नि कडू निघालं.' 'माझ्या आईची आठवण आली, आजच तिला फोन करणार.' 'हा सिनेमा करणाऱ्यांनी एकदा खरा बर्फ बघून यावा.'"

मिस्त्रीसुद्धा जरा हसले. पण एका गोष्टीबद्दल कितीतरी लोकांनी एकच लिहिलं होतं. मुलगा यायच्या आधी म्हातारी खिडकीतून बाहेर बघते, ती नजर. 'काहीतरी विचारते ती त्या नजरेनं,' असं एकीनं लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. ती नजर कुठली ते मिस्त्रींना आठवेना. शूटिंगच्या वेळी ते बाहेर चाळण हलवत असत.

काही कार्डं भाचा न वाचताच उपडी ठेवत होता. मिस्त्रींनी हात लांब करून ती घेतली. सगळी खोकल्याची होती. 'खोकला असह्य.' 'खोकला कमी करा.' 'ओव्हरअॅक्टिंग.'

"काका, चॅनेलवाला घेतोय सिनेमा," भाचा एका दमात म्हणाला. "कार्डं कालच त्याला फोनवर वाचून दाखवली. त्याची एकच अट आहे. खोकला काढायचा. खोकल्याचे तुकडे कापायचे आणि मावशीची सगळी वाक्यं नवीन आवाजात घ्यायची. आईचा आवाज तसाच आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," मिस्त्री म्हणाले.

"मी नाहीच म्हणाले होते, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तरच."

"आणि शुक्रवारपर्यंत सांगायचंय," भाचा म्हणाला. "पहिल्यांदाच कुणीतरी घेतोय माझं काहीतरी, काका."

मिस्त्रींनी कप बाजूला सारला. "भुसा आहे, जाईल, असं मीच म्हणत होतो सगळ्यांना. तू तो गोष्टीत घातलास. आता नको झाला तर काढून टाक. म्हणजे काही झालंच नव्हतं, नाही का? चांगली धडधाकट म्हातारी होती, बोलली आणि गेली."

"भाऊजी!" मेहुणी म्हणाली.

भाच्यानं कार्डांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाला, "हेडफोन माझ्या कानाला होता, काका. तुम्ही सगळे लांबून ऐकत होतात, मी तिच्या छातीतून ऐकत होतो. प्रत्येक खोकल्यानंतर आत शिट्टीसारखं वाजायचं. तेव्हा मला काय वाटलं माहितीय? वाटलं, काय भारी आवाज आलाय." त्याचा चेहरा वाकडा झाला. "मला तो पुन्हा ऐकवत नाही. कापताना ऐकला, जोडताना ऐकला. आता दरवर्षी नाताळात तो टीव्हीवर ऐकायचा?"

मेहुणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मिस्त्रींना पोराची दया आली, आणि आपण उगाच तोंड सोडलं असंही वाटलं. "मला आधी बघू दे," ते म्हणाले. "मी बघितलाच नाहीये."

भाच्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. सगळा नको, खिडकीचा तेवढा भाग दाखव, असं मिस्त्रींनी सांगितलं. पडद्यावर म्हातारी जास्तीची खुर्ची टेबलाशी ओढते. तिला खोकला येतो. तो थांबत नाही, ती खुर्चीच्या पाठीला धरून वाकते, आणि मग मान वर करून खिडकीबाहेर बघते. बाहेर भुरभुर बर्फ पडतोय.

त्या क्षणी मिस्त्रींना सगळं आठवलं. खिडकीबाहेर मुलगा नव्हता, रस्ता नव्हता. शिडीवर ते स्वतः होते. तिनं भुवया किंचित उंचावल्या होत्या. बत्तीस वर्षं ती अशीच विचारायची, लोकांत बोलता येत नसलं की. पाहुण्यांना थांबवू का, आता निघायचं का. त्या दिवशी तिनं विचारलं होतं, थांबू का मी? चाळण अर्धी भरलेली होती. पुन्हा करायचं तर सगळा बर्फ झाडून, गोळा करून, परत भरावा लागणार होता. त्यांनी मान हलवली होती. नको, चालू ठेव. आणि तिनं पुढचं वाक्य म्हटलं होतं.

"परत लाव," ते म्हणाले.

भाच्यानं परत लावलं. मिस्त्रींनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, आणि या वेळी खोकल्याचा तुकडा वगळून. तसं केल्यावर ती नुसती बाहेर बघणारी एक म्हातारी झाली. कुणाची तरी वाट बघावी तशी, शांत, छान. चॅनेलच्या माणसाला आवडली असती.

"खोकला राहू दे," मिस्त्री म्हणाले. "आवाजही तिचाच राहू दे."

"काका, मग तो घेणार नाही."

"माहीत आहे मला."

"तो एवढा छळतोय सगळ्यांना, तर का ठेवायचा?" भाच्यानं विचारलं. त्यात राग नव्हता, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मेहुणीही ओट्याशी हात पुसत थांबली होती. सांगायचंच असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं. मिस्त्रींनी घसा खाकरला.

"खरा होता म्हणून," ते म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

शुक्रवारी भाच्यानं नकार कळवला. चॅनेलनं दुसरा सिनेमा घेतला, कुत्र्याचा. भाचा पुन्हा लग्नांच्या शूटिंगला जायला लागला. काकांना त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही. उलट हल्ली तो त्यांच्याकडे जास्त येतो, कारखान्यात बसतो, लाकडं उचलू लागतो. भाऊजींना ताईचा आवाज पुसवला नाही हो, असं मेहुणी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते आणि सांगताना डोळे पुसते. लोक मिस्त्रींकडे आदरानं बघतात. ते मान खाली घालून समोरचं काम करत राहतात.

बायकोनं त्या दिवशी थांबू का म्हणून विचारलं होतं आणि आपण नको म्हणालो, हे त्यांनी मेहुणीला किंवा भाच्याला अजून सांगितलेलं नाही.