शेवटच्या पदाला टाळी नको

वन्समोअर हा आम्हा अमरावतीकरांचा हक्क होता. तिकीट काढलं की आवडीचं पद दोनदा ऐकायचं, फारच आवडलं तर चारदा. गाणारा घामाघूम झाला तरी आमचं पोट भरत नसे. बाहेरगावचे नट म्हणत, वऱ्हाडचे लोक मोठे रसिक. मी म्हणतो, रसिक कसले, खाटीक! त्यात मीही आलोच. दुपारच्या उन्हात बैलाला सावलीला सोडणारा मी, पण नटाला कधी सोडलं नाही.

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा तेव्हाची ही गोष्ट. देवीदासची नाटक कंपनी आधी अकोल्याला लागली आणि मग आमच्याकडे आली. देवीदास आमच्याच राजापेठेतल्या फुलमाळ्याचा मुलगा. आईबाप प्लेगात गेले. थोरली बहीण वच्छला, तिने दारोदार फुलं विकून त्याला वाढवलं. पुढे तो गळ्याच्या जोरावर नाटकात शिरला आणि नायक झाला.

कंपनीच्या मालकाने मुंबईत कुठलासा फ्रेंच ऑपेरा पाहिला होता. त्यातला प्रेमवेडा राजपुत्र त्याने उचलून राजपुतान्यात आणून बसवला. ऑपेऱ्यात म्हणे नायक उंच स्वरात गातो आणि त्याला टेनर म्हणतात. जाहिरातीवर ठळक छापलं होतं, 'वऱ्हाडचा टेनर'. ते वाचून आमचे किसनराव म्हणाले, "टेनर म्हंजे काय बी असो, पोरगं आपलं हाय ना?" शेवटी राजपुत्र प्रेयसीच्या प्रेताशी बसून एक पद म्हणतो आणि तिथेच मरून पडतो. सगळं नाटक त्या एका पदासाठी होतं.

खेळ रविवारी दुपारी होता. शुक्रवारी वच्छला माझ्या दारात आली. डोक्यावरची टोपलीही तिने खाली ठेवली नाही.

"गोवर्धनभाऊ, अकोल्याले लोकायनं शेवटचं पद चारदा म्हनवलं त्याले. पडदा पडला अन रगत ओकला तो."

"डाक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. डाक्टर म्हने, छाती खराब झाली, गानं बंद. पन हा आयकते का? म्हने, आपल्या गावात गायल्याबिगर मी बसत नाई. एवढा खेळ झाला का सहा महिने तोंड उघडत नाई, अशी आन घेतली त्यानं माह्यापाशी. एकदा म्हनू द्या भाऊ. दुसऱ्यांदा म्हनलं तर वाचत नाई तो."

"मंग त्यालेच सांग ना, वन्समोअर घेऊ नोको."

"लोकायनं मागावं अन त्यानं नाई म्हनावं, असं झालं कदी? तुमीच मागू नका. अन त्याले कळू देऊ नका. बहीन लोकायच्या पाया पडून राहिली, असं कळलं तर मुद्दाम म्हनन तो."

तिचं खरं होतं. देवीदास लहानपणापासून तसाच मानी. मी तिला घेऊन उत्तमरावांकडे गेलो. उत्तमराव कापसाचे दलाल, नाटकाला कायम पहिल्या रांगेत, आणि वन्समोअरची पहिली आरोळी नेहमी त्यांचीच. त्यांनी सगळं ऐकलं, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"पोरी, तू घोर करू नोको," ते म्हणाले. "पन एक सांगतो. टाळी वाजली का आमचं तोंड आवरत नाई. मी मलेच वळखतो. म्हनून शेवटच्या पदाले टाळीच नोको. कोनीच नोको वाजवू."

आम्हाला ते फार शहाणपणाचं वाटलं.

रविवारी वच्छला टिनाच्या थिएटरच्या दारात गजरे घेऊन बसली. गजरा देताना प्रत्येकाला हळूच सांगायची, वन्समोअर नका मागू, शेवटी टाळी नका वाजवू, माह्या भावाचा जीव हाय. ज्यांनी गजरा घेतला नाही त्यांच्याही मागे धावली. एवढी गर्दी आणि एवढं गुपित, पण कुणाच्या तोंडून फुटलं नाही. अमरावतीत असं आधी कधी झालं नव्हतं.

आत उकाडा मी म्हणत होता. डोक्यावरचं टिन तापून मधूनच कडकन वाजे आणि माणसं दचकत. देवीदासने पहिलं पद म्हटलं. काय आवाज! माझ्या अंगावर काटा आला. पण आम्ही भ्यालेलो, हात राखून टाळ्या दिल्या आणि गप्प बसलो. वन्समोअरची सवय असलेला तो थबकला, उत्तमरावांकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य बोलला.

दुसऱ्या पदाला त्याने जास्त जोर लावला. आम्ही आणखी भ्यालो, टाळ्या आणखी कमी पडल्या. तिसऱ्याला त्याच्या मानेच्या शिरा मला दुसऱ्या रांगेतून दिसल्या. आम्ही जितके हात आखडावे तितका तो जीव ओतत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे उलटं चाललंय.

मग ते शेवटचं पद आलं. मी आयुष्यात पुष्कळ गाणं ऐकलं, पण तसं नाही. स्वर वर गेला, तिथे थांबला, आणि आता खाली येईल म्हणता म्हणता आणखी वर गेला. किसनरावांसारखा दगड माणूस उपरण्यात तोंड घालून रडत होता. बायकांच्या बाजूला हुंदके दाबलेले ऐकू येत होते. पद संपलं. राजपुत्र प्रेतावर कोसळला.

आणि थिएटरात चिटपाखरू नसावं तशी शांतता. आम्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. उत्तमराव पायांकडे पाहत होते.

देवीदासने मान उचलली. सगळ्यांवरून त्याची नजर फिरली आणि दारात उभ्या वच्छलावर येऊन थांबली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. ते त्याला दिसू नये म्हणून तिने पदर ओढला आणि पाठ फिरवली.

तो उठून उभा राहिला. मेलेला राजपुत्र उभा राहिलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

"माफी असावी, मायबाप," तो म्हणाला. "आवाज लागला नाही. पुन्हा म्हणतो."

त्याने ऑर्गनवाल्याला खूण केली. आम्ही सगळे जागीच थिजलो. पद संपत आलं तसं मागून कुणीतरी न राहवून टाळी वाजवली. लगेच चहूकडून लोक त्याच्यावर ओरडले, "शू! शू!" आमचा विचार भला होता, पण रंगमंचावर तो शूकार कसा ऐकू जातो, हे नाटकं पाहून म्हातारे झालेल्या आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. देवीदासचा चेहरा पांढराफटक पडला. हाताने ओठ पुसून त्याने तिसऱ्यांदा सुरुवात केली. बाहीवर लाल डाग होता.

"टाळ्या वाजवा रे!" वच्छला किंचाळत मधल्या वाटेने धावत सुटली. टोपली उलटली, गजरे पायदळी आले. "वाजवा रे, कोनी तरी वाजवा! थांबवा त्याले!"

स्वर वर गेला आणि मधेच तुटला. देवीदास पडला. तेव्हा कुठे आम्ही हात मोकळे केले. टिन हादरेल अशा टाळ्या, वाहवा, आणि उत्तमराव काठी आपटत रडत ओरडत होते, "वन्समोअर! वन्समोअर!" बिचाऱ्यांना दुसरी शाबासकी येतच नव्हती. मी पुढे धावलो. देवीदासचे डोळे उघडे होते. डाव्या डोळ्यावर माशी बसली होती आणि पापणी हलली नाही. टाळ्या मात्र पडदा पडल्यावरही चालू होत्या.

वच्छला अजून राजापेठेत फुलं विकते. मी देवासाठी हार घ्यायला जातो. पुड्यात हार बांधताना ती दर वेळी तेच विचारते.

"भाऊ, तुमी तं म्होरंच होते. टाळी आयकू गेली असन ना त्याले?"

"गेली ना बाई," मी म्हणतो. "हसला तो."