यूगो वाऱ्यात निघालेला राजा

यूगो सुटला की दुब्रोव्हनिकमध्ये कुणी काही ठरवत नाही. सोयरीक ठरवत नाहीत, भांडण मिटवत नाहीत, केससुद्धा कापून घेत नाहीत. दक्षिणेकडून येणारा हा ओला, जड वारा कानातून आत शिरतो आणि डोक्याचा कणकेचा गोळा करून टाकतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जुन्या काळी म्हणे गावातले मोठमोठे सरदार यूगोच्या दिवसांत सभेला जायचे ते नुसते डुलक्या काढायला. आणि त्या एकोणीसशे त्रेपन्नच्या उन्हाळ्यातला यूगो तर असला ओला, की घराघरात मिठाच्या बरण्यांना पाणी सुटलं. येल्का आत्याच्या बरणीत तर सकाळी बांगडा पोहत होता. तळून खाल्ला, वरून मीठ लावायचीही गरज पडली नाही, असं ती सगळ्यांना सांगत होती.

नेमक्या त्याच दिवशी ओर्सातला पटावर बसायची वेळ आली.

ओर्सात औषधाच्या दुकानात मलमं घोटायचा. बुद्धिबळात गावात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या वर्षी गावात सहा देशांच्या संघांचे सामने भरले, तेव्हा गावचा माणूस म्हणून त्याला आपल्या देशाच्या संघात राखीव घेतलं होतं. एका संघाचे चार जण चार पटांवर खेळायचे आणि ओर्सात त्यांना पाणी नेऊन द्यायचा. बेताचं काम, बेताची काळजी. पण शेवटच्या सामन्याच्या सकाळी चौथ्या पटावरच्या खेळाडूनं झाडावरचे उन्हानं तापलेले अंजीर पोटभर खाल्ले आणि तो संडासातून बाहेर येईना.

"आज चौथ्या पटावर तू," कर्णधार तिहोमिर म्हणाला. हा तिहोमिर बेलग्रेडचा. समुद्राशी त्याची ओळख पोस्टकार्डापुरती.

"आज नको, कॉम्रेड तिहोमिर. आज यूगो आहे."

"बरं मग?"

"मग काय. सकाळपासून कुठला सदरा घालायचा हेसुद्धा मी ठरवलं नाही. आत्यानं हातात दिला तो चढवला."

"मग ठरवायचं कशाला? नुसतं खेळायचं," तिहोमिर म्हणाला आणि त्याला ढकलतच वर घेऊन गेला.

सामने वरच्या मजल्यावरच्या लांबलचक दिवाणखान्यात चालले होते. वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून सगळ्या खिडक्यांच्या लाकडी झडपा सकाळपासून बंद. आत दिवे लावलेले, आणि हवा अशी की श्वास चावून गिळावा लागे. समोर डेन्मार्कचा टॉर्किल. उंच, गोरा, थंड. त्याला घाम येतच नव्हता, जणू घाम डेन्मार्कलाच विसरून आला होता. ओर्सातच्या मागे, खिडकीजवळच्या खुर्चीत, येल्का आत्या. आई गेल्यापासून हिनंच त्याला वाढवलेलं. बुद्धिबळातलं तिला एवढंच कळे, की घोडा हा घोड्यासारखा दिसतो. मांडीवर साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या सालींची पुडी, आणि तोंड सतत चालू.

डाव दुपार ओलांडून गेला. बाकीचे तीन पट संपले. एक आपण जिंकलो, एक हरलो, एक बरोबरीत सुटला. आता सगळं ओर्सातवर येऊन बसलं. तो जिंकला तर चषक आपला. हरला तर डेन्मार्कचा. बरोबरी झाली तर चषक दोघांचा, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. ही गोष्ट तिहोमिरनं त्याच्या कानाशी येऊन सांगितली नसती तर बरं झालं असतं.

पटावर फार काही उरलं नव्हतं. दोघांचे वजीर, दोघांचे राजे, थोडी प्यादी. ओर्सातचं एक प्यादं वजीर व्हायला अगदी टेकलेलं. पण टॉर्किलनं आपला वजीर आणून ओर्सातच्या राजाला शह दिला आणि शांतपणे म्हणाला, "बरोबरी घ्यायची?"

ओर्सातला दोनच वाटा दिसत होत्या. आपला वजीर मध्ये घालायचा, म्हणजे वजिराला वजीर जाणार आणि बरोबरी. नाहीतर राजा घरातून बाहेर काढायचा, उघड्या माळावर, समोरच्या वजिराच्या तावडीत. तिकडून तो जिवंत परतेल की नाही, काही सांगता येत नव्हतं. त्यानं मान वळवून कर्णधाराकडे पाहिलं. कर्णधाराला "घे" किंवा "नको" एवढंच बोलायची मुभा असते.

तिहोमिरनं टाय सैल केला. "तुझं तू ठरव," तो म्हणाला.

गेलं. ओर्सातनं डोकं दोन्ही हातांत धरलं. ते ठणकायला लागलं होतं. घड्याळ टिकटिकत होतं. काट्याजवळचं ते छोटं लाल निशाण आता वर उचललं जाऊ लागलं होतं. ते खाली पडलं की डाव गेला. पण यूगोत ठरवलेलं कधी कुणाला लाभलंय? त्याच्या चुलत्यानं यूगोत बोट विकत घेतली, ती बंदरातच बुडाली, बांधलेल्या दोरासकट. शेजारच्या लुकानं यूगोत लग्नाला हो म्हटलं, आणि बायको येताना आपल्या चार आत्या घेऊन आली. ओर्सात हो म्हणेना, नाही म्हणेना. नुसता बसून राहिला. टॉर्किलनं दोनदा चष्मा पुसला. पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "झोपला का हा?"

आणि मागे धाडकन झडप आपटली.

ओर्सात एवढा दचकला, की त्याचा हात पटावर गेला आणि दोन बोटं राजाच्या मुकुटावर टेकली. तो तसाच थिजला. ज्याला हात लावला ते मोहरं चालवायलाच हवं, हा नियम. पंच बेल्जियमचा, मिशा पीळदार, मनानं चांगला. तो वाकून हळूच म्हणाला, "चुकून हात लागला ना? तसं सांगा. म्हणजे सुटलात."

किती सोपं होतं. चुकून म्हणायचं, राजा घरात राहिला असता. पण चुकून की मुद्दाम, हेही ठरवायलाच लागणार होतं ना?

"आज सांगता येणार नाही," ओर्सात कसाबसा म्हणाला. "आज यूगो आहे."

पंचानं तिहोमिरकडे पाहिलं. तिहोमिरनं छताकडे पाहिलं.

"वाऱ्याचं आमच्या नियमात काही नाही," पंच म्हणाला. "तुम्ही सांगत नसाल तर हात लावला तो लावला. राजा चालवा."

राजाला जायला एकच घर होतं. ओर्सातनं त्याला तिथे ठेवलं आणि एकदम त्याला हलकं वाटलं. यात ठरवायचं काय होतं? एकच घर. टॉर्किलनं पुन्हा शह दिला. पुन्हा एकच घर. पुन्हा शह, पुन्हा एकच. राजा बिचारा नुसता चालत सुटला. आपली प्यादी मागे पडली, वजीर मागे पडला, आणि तो समोरच्या शह देणाऱ्या वजिराच्या पुढे पुढे, पावसात छत्री विसरलेल्या माणसासारखा, पट ओलांडून थेट डेन्मार्कच्या दारात पोचला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. लाल निशाण काट्याच्या टोकाला लोंबत होतं. ओर्सातच्या मनात एकच होतं, पुढच्या वेळीही एकच घर राहू दे.

पुढच्या वेळी दोन होती.

डावीकडे आणि उजवीकडे. डावीकडे गेला तर वजीर त्याला आल्या वाटेनं परत फिरवणार, शह देत देत घरापर्यंत, आणि मग बरोबरी. उजवीकडे टॉर्किलचंच एक प्यादं उभं होतं, त्याच्या आडोशाला लपता आलं असतं. पण तिथून पळायला वाट नव्हती. तिथे शह बसला की मात. शह बसेल का? ओर्सातनं हिशोब मांडला. नाही बसणार. पुन्हा मांडला. नाही बसणार बहुतेक. पण हा हिशोब यूगोच्या डोक्यानं केलेला. त्याला हिंमत होईना. त्यानं आत्याकडे वळून पाहिलं. लहानपणी दवाखान्याच्या दारात बघायचा तसं.

आत्यानं पुडीतली साल उचलली, तोंडात टाकली आणि नजर दुसरीकडे फिरवली.

निशाण थरथरलं. ओर्सातनं राजा उचलला. उजवीकडे ठेवला की उजवीकडे पडला, हे क्षणभर त्याला स्वतःलाच कळलं नाही. मग कळलं. त्यानंच ठेवला होता.

टॉर्किलनं वजिराकडे हात नेला आणि हवेतच थांबवला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. शह नव्हता. कुठूनच नव्हता. ओर्सातचं प्यादं मात्र वजीर व्हायला एका पावलावर होतं. टॉर्किलच्या कपाळावर पहिल्यांदा घामाचा थेंब आला, नाकावरून घसरला आणि पटावर टपकला. त्यानं घड्याळ थांबवलं आणि हार मानून हात पुढे केला.

"तुमचा राजा," तो म्हणाला, "फार निर्भय आहे हो."

तिहोमिरनं ओर्सातला असं कवटाळलं की सदऱ्याची दोन बटणं तुटली. पंच पुन्हा पुन्हा नियमांचं पुस्तक चाळत होता. त्यात वाऱ्याचं कुठे काही सापडतंय का, ते बघत असावा.

गर्दीतून सुटून ओर्सात आत्याला घेऊन खाली आला. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि थांबला. समुद्र ताटात ओतलेल्या तेलासारखा पडला होता. पाकोळ्या उंच उडत होत्या. आणि गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्यांवर कपडे वाळत होते. चादरी, चड्ड्या, पाद्रीबाबांचे मोजे, सगळे कडक वाळलेले. यूगोत गावातली एकही बाई कपडे वाळत घालत नाही.

"आत्या, यूगो कधी थांबला?"

"जेवणाच्या सुमाराला. मी झडपेच्या फटीतून बघत होते की."

"मग ती झडप कशानं आपटली?"

"मी आपटली." आत्यानं पुडी झटकून रिकामी केली. "तू असा बसलेलास, की मला वाटलं गेलास. म्हटलं, बघावं तरी."

ओर्सात भिंतीला टेकून उभा राहिला. सगळं मनात पुन्हा उलटून गेलं. ते एकच घर, पुन्हा एकच घर, आणि शेवटची ती दोन. हवा स्वच्छ होती, त्याच हवेत त्यानं राजा उजवीकडे ठेवला होता. यूगोच्या नावावर लिहायला आता काहीच उरलं नव्हतं.

"पण माझं डोकं तर त्या डावापासून ठणकतंय. अजून ठणकतंय."

"ठणकणारच," आत्या म्हणाली. "वापरलंस ना आज. चल, घरी जाऊ. बरणीत बघते, अजून एखादा बांगडा आलाय का."