फिरवलेला शब्द

रुचिकाला कुणी विचारलं नव्हतं. डहाणूच्या कॉलेजात ती दुर्बिणीच्या फोटोंवरून लघुग्रहांच्या जागा मोजायची, आणि मोजलेलं गावभर सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आपल्या गावाच्या, कैनाडच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिने मोठ्या तोऱ्यात टाकलं: एक लघुग्रह पृथ्वीकडे येतोय, आदळण्याची शक्यता हजारात एक. तारीख नेमकी तिच्या धाकट्या बहिणीच्या, संगिताच्या लग्नाची.

आठवड्याने आणखी फोटो आले, त्याचा मार्ग पक्का कळला, धोका शून्यावर आला. रुचिकाने तेही टाकलं. तिला वाटलं, विषय संपला.

विषय कसला संपतोय. दुसऱ्याच सकाळी संगिताचा होणारा सासरा रघ्या दोन पंचांना घेऊन तलासरीहून अंगणात हजर. बसायलाही तयार नव्हता. त्यांच्या समाजात चूक, अगदी खोटंही, कबूल केलं की माफी मिळते. शब्द फिरवणाऱ्या घराशी मात्र सोयरीक होत नाही.

"तुझी पोरगी आधी सांगते दगड पडंल, मग सांगते नाय पडणार," तो रुचिकाच्या आईला, जयवंतीला म्हणाला. "असल्या घरातली सून कशाला नेऊ?"

"काका, जास्त मोजलं की आकडा बदलतो," रुचिका म्हणाली. "मी तेव्हाही खोटं बोलले नव्हते."

"म्हणजे शब्दच फिरवलास."

रुचिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. डोळे फोडून केलेलं काम हा माणूस उभ्याउभ्या चुलीत घालत होता. आई मात्र तिच्यावरच धावली. "खोटं लिवलं म्हण, मेले. बहिणीचं वाटोळं करशील."

दाराआड संगिता रडत होती. नवऱ्या मुलावर, मुकेशवर, तिचा किती जीव आहे ते रुचिकाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दातओठ खात रुचिका पंचांसमोर उभी राहिली.

"पहिलं मी मनानेच लिहिलं. काही मोजलं नव्हतं. खोटं होतं."

असं खोटं ती जन्मात बोलली नव्हती. तिला स्वतःचीच किळस आली.

पंचांनी माना डोलावल्या. "लग्न होईल," रघ्या म्हणाला. "पण ही खोटारडी मांडवात नको."

रुचिकाने दाराकडे पाहिलं. संगिता डोळे पुसत बाहेर आली आणि सासऱ्याच्या पाया पडली.

"ती नाही येणार," ती म्हणाली. "मी बघते."