आजीच्या आवाजाचे एटीएम

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक जुना खोका आहे. पण मला नुसता खोका म्हणाल तर मी रुसेन हं! मी एटीएम आहे, आणि तेसुद्धा बोलणारे!

एक भलामोठा फ्रिज पोटात घेऊन मी एका निवाऱ्यात आलो. घरच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायका आणि भाडे थकल्याने घर गमावलेली कुटुंबे तिथे राहत. फ्रिज बाहेर निघाला आणि माझी रवानगी भंगारात होणार, एवढ्यात एक बाई ओरडल्या, "थांबा, थांबा! मला हवाय तो!"

त्या होत्या बँकेतून निवृत्त झालेल्या कॅशियर. दर शनिवारी येऊन त्या निवाऱ्यातल्यांना पैशांचे व्यवहार शिकवत. सगळे त्यांना बँकताई म्हणत. त्यांनी मला खिडकी पाडली, खाली एक फट कापली, बाटल्यांची झाकणे चिकटवून त्यांवर आकडे लिहिले आणि मला निळाशार रंग दिला. काय माझा रुबाब!

पण नोटा देणार कोण? मुलगा-सुनेबरोबर निवाऱ्यात आलेली एक आजी म्हणाली, "मी बसते आत. नाहीतरी बाहेर माशाच मारतेय." ती स्टूल घेऊन माझ्या पोटात शिरली. कोणी बटण दाबले की आतून आवाज यायचा, "पिन चुकला गं बाई, परत दाब!" मग फटीतून खोट्या नोटा बाहेर! हसून हसून सगळ्यांची पुरेवाट व्हायची.

हसत नव्हती ती फक्त शिलाईवाली. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. पगार बँकेत जमा व्हायचा, पण खाते नवरा-बायकोचे आणि कार्ड नवऱ्याच्या खिशात. मार असह्य झाला तेव्हा ती लेकीला घेऊन निघून आली. तरी पगार त्याच खात्यात जात होता. राबायचे हिने आणि उडवायचे त्याने!

बँकताई म्हणाल्या, "पुढचा पगार व्हायच्या आत तुझं स्वतःचं खातं झालं पाहिजे. नाहीतर तोही गेलाच म्हणून समज."

ती माझ्यासमोर आली, पण बटणाला बोट लावेना.

"अगं, मीच आहे आत. खात नाही तुला!" आजी म्हणाली.

तिने एक बटण दाबले आणि चक्क पळ काढला. पण दुसऱ्या दिवशी आपणहून आली. मग रोजच येऊ लागली. एका हाताने आकडे झाकायचे, दुसऱ्याने दाबायचे, पिन फक्त मनात ठेवायचा. बोटे सरावली.

एका शनिवारी आजीने आतून लाडीगोडी लावली. "काय गं, पिन काय ठेवलास? मला तरी सांग. मी काय परकी आहे?"

शिलाईवाली गोंधळली. लेकीला ताप आला तेव्हा याच आजीने तिला मांडीवर घेतले होते. आजीला नाही कसे म्हणायचे?

"आजी, तुमचा जीव आहे माझ्यावर. पण पिन नाही सांगणार."

"पास झाली पोरगी! पास!" आजी किंचाळली आणि तिने सगळ्या नोटा एकदम बाहेर लोटल्या. माझी फट टरकन फाटली! पण मित्रांनो, खरे सांगतो, मुळीच दुखले नाही.

मग आजी झाली बँकेतली खडूस बाई. खिडकीतून डोके काढून ती खेकसायची, "मिस्टरांना घेऊन या!" शिलाईवाली म्हणायची, "खातं माझ्या एकटीचं आहे. त्यांची सही कशाला?" आधी पुटपुटत, मग ठणकावून!

ती खऱ्या बँकेत गेली, खाते उघडून आली. कारखान्याच्या ऑफिसात जाऊन पगार नव्या खात्यात वळवला. आणि पगाराच्या दिवशी कार्ड घेऊन एकटीच निघाली. इकडे आजीला चैन पडेना. माझ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून माझ्यापर्यंत तिच्या येरझाऱ्या!

"आली! आली!"

शिलाईवाली धापा टाकत आत शिरली. "आजी, नोटा आल्या आणि मी 'आई गं!' म्हणून केवढ्यांदा ओरडले! राखणदार धावत आला. म्हणाला, 'काय झालं बाई?' मी म्हटलं, 'काही नाही दादा, माझा पगार झाला!'"

लेकीला उचलून तिने गरगर फिरवले. खोलीच्या भाड्यासाठी पैसे त्याच दिवशी बाजूला पडले.

हसणे ओसरल्यावर आजी हळूच म्हणाली, "मला शिकवशील? माझी पेन्शन लेकच आणून देतो. गुणी आहे तो. पण एकदा माझ्या हाताने काढायचीय."

शिलाईवाली लगेच माझ्या पोटात शिरली. आजी चष्मा पुसून माझ्यासमोर उभी राहिली!

आता शिलाईवाली भाड्याच्या खोलीत राहते. मी मात्र जिन्याखाली पडलेला असतो. फरशी पुसल्याचे पाणी लागून माझे कोपरे मऊ पडलेत. शनिवारी बाहेर काढतात, तेवढाच तजेला.

मित्रांनो, माझ्या फाटक्या फटीला चिकटपट्टी लावा अगर लावू नका. पण तुमची आई, मावशी, आजी मशीनसमोर अडखळली, तर "दे इकडे, मी काढतो" म्हणून कार्ड ओढू नका. शेजारी उभे राहा. बटण तिलाच दाबू द्या. आणि ती पिन दाबेल ना, तेव्हा तोंड दुसरीकडे फिरवा!